कोकम आगळाचं रीडिंग 3 च्या पुढे जातं आणि दर वेळी वेगळं येतं. पदार्थ किती प्रकाश शोषतो हे नक्की मोजायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीच्या कॉलेजात प्रोजेक्टसाठी आगळ गाळून थेट स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये, म्हणजे द्रावणाने किती प्रकाश अडवला ते सांगणाऱ्या मशीनमध्ये, ठेवलं. 520 नॅनोमीटरला आधी 3.1 आलं, लगेच परत घेतलं तर 3.4. मशीन बिघडलेलं नाही. ते रीडिंगच धरायचं नसतं.

स्पेक्ट्रोफोटोमीटरला शोषलेला प्रकाश दिसत नाही, पलीकडे पोचलेला तेवढा दिसतो. किती सोडला आणि किती पोचला, या गुणोत्तराचा लॉग म्हणजे अॅब्झॉर्बन्स. 1 आलं तर दहा टक्के प्रकाश पोचला, 2 आलं तर एक टक्का, 3 आलं तर हजारातला एक भाग. तिथवर गेल्यावर यंत्रात इकडूनतिकडून शिरलेला भटका प्रकाशही खऱ्या प्रकाशाच्या बरोबरीचा होऊन बसतो. मी सिंधुदुर्गात फळप्रक्रियेच्या लॅबमध्ये काम करते. 0.2 ते 0.8 च्या बाहेरचं रीडिंग आमच्याकडे वहीत चढत नाही.

म्हणजे आगळ पातळ करायचं. पण साध्या पाण्याने नाही! बहुतेक जण इथेच फसतात. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, आणि तो आंबटपणावर टिकतो. पाणी घातलं की पीएच वर सरकतो, लाल रेणूंतले बरेचसे रंगहीन रूपात जातात. पन्नासपट पातळ केलंत तर रंग त्याहून जास्त उतरतो, आणि तुम्ही नियमालाच दोष देता.

तो नियम बिअर-लँबर्टचा: अॅब्झॉर्बन्स म्हणजे एप्सिलॉन गुणिले क्युव्हेटची (नमुना ठेवायच्या पारदर्शक चौकोनी नळीची) रुंदी गुणिले द्रावणातल्या पदार्थाची तीव्रता. (1729 मध्ये आधी बुगेरने लिहिलं, लँबर्ट 1760 चा, बिअर 1852 चा. बुगेर बिचारा नावातून गळाला.) एप्सिलॉन म्हणजे तो पदार्थ त्या तरंगलांबीला मुळात किती जोरात शोषतो ते. आगळातल्या रंगाचा हिशोब सायनिडिन-3-ग्लुकोसाइड धरून करतात. त्याचा एप्सिलॉन 26,900. शाळेतल्या जांभळ्या परमँगनेटचा 525 नॅनोमीटरला सुमारे 2,400. मात्र 26,900 हा आकडा पीएच 1 चा आहे.

म्हणून दोन बफर, म्हणजे पीएच ठरावीक राखणारी द्रावणं, लागतात: पीएच 1.0 ला पोटॅशियम क्लोराइडचा, 4.5 ला सोडियम अॅसिटेटचा. दोन्हींत आगळ सारखंच पातळ करा, वीसेक मिनिटं ठेवा, मग 520 आणि 700 ला रीडिंग घ्या. 700 ला हा रंग शोषत नाही, तिथे जे येतं ते गराच्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशामुळे. ते 520 मधून वजा. मग पीएच 1 च्या उत्तरातून 4.5 चं वजा. 4.5 ला अँथोसायनिनचा रंग उतरतो, म्हणून हा फरक त्याचाच. समजा फरक 0.60 आला, 1 सेंटिमीटरची क्युव्हेट, पन्नासपट पातळ केलेलं. 0.60 भागिले 26,900, गुणिले रेणुभार 449.2, गुणिले 50: लिटरला साधारण 0.5 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅम.

आपल्याकडचा एक खास त्रास सांगते. जून-जुलैत फ्रिजमधला बफर काढून लगेच क्युव्हेटमध्ये ओतला की काचेवर बाहेरून दव धरतं. डोळ्यांना जेमतेम दिसतं, पण रीडिंग चढतं. बफर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, क्युव्हेट खरबरीत बाजूंनी धरा, गुळगुळीत बाजू टिश्यूने पुसा, आतला बुडबुडा टिचकी मारून उडवा. ब्लँक (मशीन शून्यावर आणायला ठेवायचा आगळाविना नमुना) त्याच बफरचा. 520 ला प्लास्टिकची क्युव्हेट चालते. अतिनील भागात जायचं तर क्वार्ट्झच हवी.

बाजारातलं अमृत कोकमही तपासणार असाल तर पीएच 4.5 चं रीडिंग नुसतं वजा करून सोडू नका, ते बघा. कोकमाचा रंग तिथे बराच उतरतो, वरून घातलेला कार्मोइसिनसारखा कृत्रिम रंग तसाच राहतो. 4.5 लाही बाटली लालभडक असेल तर लेबल वाचा.