युरेनियम ‘संपृक्त’ की ‘समृद्ध’?

पुण्यात अकरावीला असलेल्या एका मुलीने विचारलंय: बातम्यांत कधी ‘संपृक्त युरेनियम’ येतं, कधी ‘शुद्ध केलेलं’, कधी ‘समृद्ध’. तिन्ही बरोबर का?

माझ्या मते बरोबर एकच, ‘समृद्ध’.

पाकात साखर घालत गेलं की एका क्षणी ती विरघळेनाशी होते, तळाशी बसते. ते संपृक्त द्रावण. या शब्दातल्या ‘पृच्’ धातूचा अर्थच मिसळणे. युरेनियमच्या कारखान्यात चालतं ते नेमकं उलटं, निवडणं. खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचा २३५ वस्तुमानांकाचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा, पण वेगळ्या वजनाचा अणू) शेकडा ०.७ इतकाच, बाकी जवळपास सगळा २३८. दोन्ही युरेनियमच, तेव्हा ‘शुद्ध’ही लागू पडत नाही. फरक वजनाचा.

आमच्या पेठेतल्या डेअरीत साय काढायचं यंत्र होतं. मी लहानपणी ते बघत उभा राहायचो. मूठ फिरली की जड दूध कडेला जायचं, हलकी साय मध्याशी यायची, दोन तोट्यांतून दोन धारा पडायच्या. युरेनियमचा वायू करून असाच प्रचंड वेगाने फिरवतात. जड २३८ कडेला, हलका २३५ मध्याकडे. असं २३५ चं प्रमाण वाढवत नेणं म्हणजेच समृद्ध करणं. पण वजनातलं अंतर इतकं थोडं की अशी हजारो यंत्रं एकापुढे एक जोडावी लागतात.

सत्तरच्या दशकात पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांनी हॉलंडमधून याच यंत्रांचे आराखडे नेले आणि पाकिस्तानने रावळपिंडीजवळ कहुट्याला गुपचूप कारखाना उभारला. विजेसाठी २३५ चं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के पुरतं, बॉम्बला ९० च्या आसपास लागतं. यंत्रं त्याच जातीची, वायू तोच. ‘शुद्ध’ म्हटलं की हा आकडा विचारायचाच राहतो. ‘समृद्ध’ म्हटलं की लगेच तोंडी येतं, किती? म्हणून मी या शब्दासाठी भांडतो. हिंदीतला ‘संवर्धन’ही नको, मराठीत तो जतन करण्याकडे झुकलाय. क्रियेला ‘समृद्धीकरण’ म्हणावं.

१९७४ च्या पोखरणबद्दल लिहिताना मात्र यातला कुठलाच शब्द युरेनियमला लावू नये. तिथे प्लुटोनियम होतं, ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनातून रासायनिक प्रक्रियेने वेगळं काढलेलं. त्याला कुणी ‘शुद्ध केलेलं’ म्हटलं तर माझी हरकत नाही.