'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट' हे वाक्य चूक का?

कारण ते मराठीत विचार करून लिहिलंय! आपल्याकडे 'जरी' आलं की पाठोपाठ 'तरी' येतंच, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत दोन उपवाक्यं जोडायला एकच अव्यय पुरतं. म्हणून 'ऑल्दो' तरी ठेवा, नाहीतर 'बट'. 'सिन्स… सो' ही जोडीही तशीच, आपल्या 'ज्याअर्थी… त्याअर्थी'ची सावली.

आता परीक्षेपुरतं. 'इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट' हे संयुक्त (कंपाउंड) वाक्य, कारण दोन्ही भाग समान दर्जाचे आणि एकेकटे उभे राहू शकणारे आहेत. 'ऑल्दो' वापरलंत की पहिला भाग गौण होतो आणि वाक्य मिश्र बनतं. अर्थ जवळपास तोच, पण प्रश्नात 'कंपाउंड करा' असेल तर 'ऑल्दो'ला गुण मिळणार नाहीत.

संयुक्त वाक्याची मुख्य अव्ययं ७: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. यात 'नॉर' खट्याळ आहे. त्याच्यानंतर प्रश्नासारखा क्रम लागतो: 'ही डझंट ड्रिंक टी, नॉर डझ ही ड्रिंक कॉफी.'

आणि नुसत्या स्वल्पविरामावर भागवू नका. 'पाऊस थांबला, आम्ही निघालो' हे मराठीत छान चालतं. इंग्रजीत तिथे अव्यय, अर्धविराम किंवा सरळ पूर्णविराम लागतो. 'हाउएव्हर' या सातांत नाही, त्यामुळे त्याने दोन वाक्यं जोडताना आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम.