सातवीतच अल्जेब्रा घ्यायलाच हवा का?

न्यू जर्सीहून एका आईने विचारलं आहे: मुलगी सहावीत आहे, गणितात चांगली आहे. ओळखीतली मुलं सातवीतच अल्जेब्रा १, म्हणजे बीजगणिताचा पहिला कोर्स, घेणार आहेत. आपण थांबलो तर मोठ्या कॉलेजांची दारं बंद होतील का?

नाही होणार, ताई. आठवीत अल्जेब्रा १ घेतला तरी पुढे जॉमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस करत बारावीत कॅल्क्युलस येतोच. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर तिथवर मात्र पोचावं. एमआयटीसुद्धा कॅल्क्युलसपर्यंतच्या गणिताची शिफारस करते. त्यापुढचं मल्टिव्हेरिएबल, म्हणजे एकाहून जास्त चलांचं कॅल्क्युलस, गोडी असेल तर खुशाल घ्यावं. निव्वळ अर्जात दिसावं म्हणून नको. अर्ज वाचणारे तुमच्या शाळेत काय शिकवलं जातं आणि त्यातलं मुलीने काय घेतलं, हे पाहतात. शाळेच्या काउन्सेलरलाही तिने किती अवघड विषय निवडले हे कळवावं लागतं, पण ते सगळ्या विषयांचं मिळून. इंग्रजी, इतिहास, विज्ञान यांना वेळच उरला नाही, तर गणितातली आघाडी फारशी कामाला येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती कच्च्या पायाची. आज तिला एक बेरीज घाला: १/३ अधिक १/५. उत्तर आलं की विचारा, छेद सारखे का करावे लागले? ते तिला नीट सांगता आलं, तर अल्जेब्रा तिला जड जाणार नाही. नुसती रीत पाठ असेल, तर हीच अडचण अल्जेब्रा २ मध्ये अपूर्णांकांतल्या आकड्यांच्या जागी एक्स आल्यावर उभी राहते. तोवर ती हायस्कूलमध्ये असते आणि ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजला जाणाऱ्या गुणपत्रकावर, उमटते. हार्वर्डलाही २०२४ मध्ये बीजगणित कच्चं असलेल्या काही विद्यार्थ्यांसाठी कॅल्क्युलसच्या वर्गाला जास्तीचे तास जोडावे लागले.

म्हणून कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचं हे ठरवणारी शाळेची प्लेसमेंट टेस्ट ती शिकवणीशिवाय सहज पास झाली आणि तिला स्वतःला जायचं असेल, तर सातवीत जरूर घेऊ द्या. उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांत अख्खी जॉमेट्री उरकण्याच्या फंदात मात्र पडू नका. शाळेत एएमसी ८ ही आठवीपर्यंतच्या मुलांची गणित स्पर्धा होत असेल तर तिला बसवा. ४० मिनिटांत २५ प्रश्न असतात, आणि त्यांना हायस्कूलचं गणित फारसं लागत नाही, डोकं लागतं.