आधी व्यवस्थापनाचा प्रश्न समजून घ्यावा

आपला प्रश्न असा आहे की, विद्यापीठातील संशोधकांनी राज्याच्या वन विभागाबरोबर एखाद्या अभयारण्यात संयुक्त अभ्यास कसा सुरू करावा आणि परवानगी कशी मिळवावी. परवानगीचे थोडक्यात सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभ्यासासाठी प्रवेशाची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात आणि त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. पक्षी पकडून त्यांच्या पायात कडी घालायची असेल, तर कलम १२ खाली वेगळी परवानगी लागते. हे सारे कागदपत्रांचे काम आहे आणि ते होते. बिघडते ते त्यानंतर.

मी निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात काही वर्षे वनपाल होतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा १९८६ मध्ये अभयारण्य झाली आणि पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. तेथील पक्षी वन विभागाकडे असले, तरी पाणी जलसंपदा विभागाचे आहे. कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीचे पाणी, सुटले की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतवार असे पक्षी तेथे चरायला उतरतात. परंतु ती एकदम उतरली, तर बेटे काठाला जोडली जातात, कुत्री थेट आत शिरतात आणि थापट्या व तलवार बदकांचे थवे दुसरीकडे निघून जातात. म्हणून ऐन हिवाळ्यात किती पाणी राहू द्यावे, हाच आमचा खरा प्रश्न होता.

एका विद्यापीठातील प्राध्यापक दोन हिवाळे आमच्याकडे येत होते. आमचा एक वनरक्षक रोज पहाटे मनोऱ्यावरून मोजणी करून पाण्याची पातळी आणि पक्ष्यांची संख्या एका लाल वहीत लिहीत असे. दवाने शाई पसरते, म्हणून नेहमी पेन्सिलीने. ती वही प्राध्यापकांनी झेरॉक्ससाठी नेली. कालव्याच्या पाण्याच्या नियोजनावर चर्चा करणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीपूर्वी मी त्यांच्याकडे पातळी आणि पक्षी यांचा एक पानी तक्ता मागितला, तेव्हा शोधनिबंध छापून येईपर्यंत आकडे देता येत नाहीत, असे उत्तर मिळाले. बैठक आमच्या आकड्यांविना झाली. निबंध तीन वर्षांनी इंग्रजीत आला. त्यात त्या वनरक्षकाचे नाव आभारातसुद्धा नव्हते आणि वही आजतागायत परत आलेली नाही.

माझे मत स्पष्ट आहे : व्यवस्थापनाने दिलेल्या जागेवर, त्याच्या होडीतून आणि त्याच्या माणसांच्या कष्टातून गोळा झालेली माहिती केवळ विद्यापीठाची नसते. आपण प्रस्ताव लिहिण्यापूर्वी वनपाल आणि वनरक्षकांजवळ बसून, या वर्षी त्यांना कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे विचारावे. करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. दर हंगामाच्या शेवटी कच्चे आकडे आणि मराठीत दोन पानांचा अहवाल विभागाला मिळेल; आणि ज्याने मोजणी केली, त्याचे नाव निबंधात येईल. शोधनिबंधाची अडचण मला समजते, परंतु एका तक्त्याने कोणाचा निबंध बुडत नाही, हे मी त्या वेळीही सांगितले होते आणि आजही तेच सांगतो.

सगळेच संशोधक असे वागत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. अडचण आमच्या बाजूनेही असते. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि नवीन आलेल्यांना जुना करार ठाऊक नसतो. म्हणून त्याची एक प्रत परिक्षेत्र कार्यालयाच्या नस्तीत (फायलीत) आणि एक वनरक्षकाच्या हातात अवश्य ठेवावी. मूळ वही मात्र कोणालाही बाहेर नेऊ देऊ नये. झेरॉक्स निफाडमध्येही निघते.