वाचकांचे प्रश्न : पाच मिनिटांनी विझणारी माळ

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळचा हॅलिक्राफ्टर्स एस-३८ रेडिओ रिसीव्हर आहे. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवरून ११५ व्होल्ट दिल्यावर तो पाच-सहा मिनिटे उत्तम चालतो. मग सहाही व्हॉल्व (रेडिओतल्या काचेच्या नळ्या) एकदम विझतात आणि मिनिटभराने आपोआप पेटतात. सगळे व्हॉल्व काढून मल्टीमीटरने पाहिले, एकाचेही फिलॅमेंट तुटलेले नाही. दोष कोठे शोधावा? (एक हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक, सातारा)

उत्तर : आपण व्हॉल्व थंड असताना तपासलेत, आणि हा दोष तापल्यावरच प्रकट होणारा आहे. १९४६ साली आलेल्या या सेटमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मर नाही. १२एसए७, १२एसके७, दोन १२एसक्यू७, ३५एल६ आणि ३५झेड५ या सहा व्हॉल्वचे हीटर, म्हणजे आतली तापणारी फिलॅमेंट, दिवाळीच्या जुन्या दिव्यांसारखे एकाच माळेत ओवलेले आहेत. चार वेळा १२.६ आणि दोनदा ३५ मिळून १२०.४ व्होल्ट होतात, म्हणून माळ थेट पुरवठ्यावर चालते आणि तिच्यातून ०.१५ अँपियर प्रवाह वाहतो. एखादा सांधा तापून सुटला की सगळी माळ विझते, आणि निवल्यावर तो पुन्हा टेकला की पेटते.

मीटर लावण्यापूर्वी एक गोष्ट कळकळीने सांगतो. बाजारातले बहुतेक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण मेनपासून वेगळे करत नाहीत, आणि अशा सेटच्या चॅसिसवर (धातूच्या सांगाड्यावर) जीवघेणे व्होल्टेज येऊ शकते. दुरुस्तीपुरता तरी वेगळ्या वाइंडिंगचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापराच.

त्यानंतर सेट बंद असताना मीटरच्या क्लिपा एका व्हॉल्वच्या हीटरच्या पिनांना लावा, मीटर एसी २५० व्होल्टच्या वरच्या रेंजवर ठेवा, सेट चालू करा आणि हात न लावता वाट पाहा. माळ विझताच चांगल्या हीटरवर शून्य दिसेल, कारण प्रवाहच थांबलेला असतो. जो सुटला आहे त्याच्यावर मात्र पुरवठ्याचे सगळे ११५ व्होल्ट उभे राहतील. शून्य आले तर सेट बंद करून क्लिपा पुढच्या व्हॉल्वला लावा. १२एसक्यू७ चा हीटर ७ आणि ८ या पिनांवर असतो, बाकीच्यांचा २ आणि ७ वर. येथे अनेकांची गफलत होते.

दोषी व्हॉल्व सापडला तरी लगेच टाकून देऊ नका. ऑक्टल (आठ पिनांच्या बैठकीच्या) व्हॉल्वमध्ये आतली तार पोकळ पिनमधून खाली येऊन टोकाशी झाळलेली असते आणि इतक्या वर्षांनी ती झाळ सुटलेली असू शकते. पिनचे टोक घासून, सोल्डरिंग आयर्नने तापवून नवे सोल्डर आत मुरू द्या, वर राहिलेला थेंब कानशीने उतरवा. सॉकेटच्या सैल पत्त्याही आवळून घ्या, कारण तेथे संपर्क सुटला तरी मीटर तेच दाखवतो.

दोष ३५झेड५ मध्ये निघाला तर डायलचा दिवाही पाहा. ६.३ व्होल्ट, ०.१५ अँपियरचा हा दिवा त्या हीटरच्या २ आणि ३ या पिनांमधल्या भागाला समांतर असतो. तो जळाला की सगळा भार त्या भागावर पडतो, आणि नवा ३५झेड५ घातला तरी तो फार काळ टिकत नाही.