१९६७ च्या मस्टँगला टर्बो बसवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ राहता, १९६७ ची मस्टँग कूपे घेतली आहे, २८९ घनइंचाचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, तीन गियरचं ऑटोमॅटिक. हायवेवर गाडी मरगळल्यासारखी वाटते. टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) किट ऑनलाइन स्वस्तात दिसतोय, तो बसवावा का, आणि बसवला तर गाडीची किंमत पडेल का?

आहे त्या इंजिनावर बसवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला हवी तेवढी ताकद २८९ मधून टर्बोशिवाय निघते. त्याहून खूप जास्त हवी असेल, तर त्या कामाला दुसरं इंजिन बरं. मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो. इथे ऑगस्टमधली वुडवर्डची क्रूझ, म्हणजे वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची मोठी फेरी, जवळ आली की अख्ख्या गल्लीतल्या गॅरेजांत रात्री उशिरापर्यंत खाटखुट चालू असते, आणि दरवर्षी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतोच.

आधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा. बॉनेट उघडा, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर गाडीचा नंबर (व्हीआयएन) ठोकलेला असतो. त्यातलं पाचवं अक्षर म्हणजे कारखान्यातून आलेलं इंजिन. सी म्हणजे दोन बॅरलच्या (हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांच्या) कार्ब्युरेटरचं २८९, ए म्हणजे चार बॅरलचं, के म्हणजे लॉटरी लागली. टी असेल तर गाडी मुळात सहा सिलिंडरची होती आणि व्ही-८ नंतर कुणीतरी घातलंय. मग चाकाला नट चार आहेत की पाच तेही मोजा. चार असतील, तर इंजिनाआधी त्या गाडीचे ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल बदलायला हवा, कारण ते सगळं हलक्या गाडीचं सामान आहे.

सी अक्षर आहे असं धरून चालतो. फोर्डने त्या इंजिनाची ताकद २०० अश्वशक्ती छापली होती. पण १९७२ च्या आधीचे आकडे ग्रॉस असत. पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर असलं काही न लावता उघडं इंजिन टेस्ट बेंचवर चालवून मोजलेले. तुमच्या चाकांपर्यंत आज बहुधा दीडशेसुद्धा पोचत नसतील. मरगळ वाटते त्याचं निम्मं कारण इथेच आहे.

आता टर्बोचा हिशेब. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). टर्बोने ६ पीएसआय जास्तीचा दाब दिला तर कागदावर हवा चाळीस टक्के वाढते. पण दाबलेली हवा तापते आणि टर्बो एक्झॉस्टला अडवतो, म्हणून प्रत्यक्षात एक तृतीयांश वाढ मिळाली तरी खूश व्हावं. म्हणजे २०० चे २६५ किंवा २७०. आणि के अक्षराचं २८९, म्हणजे तेवढ्याच क्षमतेचं इंजिन, फोर्ड स्वतः २७१ ला विकत होती. त्यात होतं काय, तर वेगळा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम), जास्त कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) आणि चार बॅरलचा कार्ब्युरेटर. रेसिंगसाठी मस्टँग तयार करणाऱ्या शेल्बीने त्याच इंजिनाला मोकळा एक्झॉस्ट आणि मोठा कार्ब्युरेटर देऊन जीटी ३५० मध्ये ३०६ काढले. ग्रॉसच आकडे, पण तुलना सारख्याशी सारखी आहे. आज मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची हेड्स (सिलिंडरवरची, व्हॉल्व्ह असलेली झाकणं) तर त्या काळच्या कुठल्याही हेडपेक्षा चांगला श्वास घेतात.

स्वस्त किटमध्ये जे येत नाही तिथेच इंजिनं मरतात. तुमच्या इंजिनाचा पेट्रोलपंप कॅमशाफ्टवर चालणारा, जेमतेम ५-६ पीएसआय देणारा. टर्बोची हवा कार्ब्युरेटरमधून आत ढकलायची म्हटली, की कार्ब्युरेटरच्या वाटीतही तोच ६ पीएसआय दाब येतो. समोरून ६, मागून ६, मग पेट्रोल आत शिरणार कसं? शिरतच नाही. नेमकं पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, सगळ्यात जास्त पेट्रोल हवं तेव्हाच, मिश्रण पातळ होतं, इंजिन नॉक करतं (मिश्रण नीट जळण्याऐवजी आपोआप धडाक्याने पेटतं) आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. बाहेर एक्झॉस्ट एवढा जोरात असतो की नॉकचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून इलेक्ट्रिक पंप, टाकीकडे परत जाणारी नळी, आणि टर्बोच्या दाबाबरोबर पेट्रोलचा दाब तेवढाच वाढवणारा रेग्युलेटर लागतो. कार्ब्युरेटरमधले पितळी पोकळ फ्लोटसुद्धा दाबाने चेपतात, ते भरीव घालावे लागतात. इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, प्रत्येक पीएसआयला साधारण एक अंश मागे घ्यावं लागतं, जे तुमच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरला (ठिणगी वाटणाऱ्या भागाला) करता येत नाही. हे सगळं जोडलं की 'स्वस्त' किटचं बिल पाच आकडी डॉलरमध्ये जायला वेळ लागत नाही.

आणि नॉकची भीती मी उगाच घालत नाहीये. १९६२ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोवाली व्ही-८ गाडी काढली. कॉम्प्रेशन १०.२५, वर टर्बो. नॉक होऊ नये म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय होती, आणि त्याची बाटली मालकाने भरायची. लोकांनी ती भरलीच नाही. शेवटी १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर लावून द्यायची सोय केली. कारखान्याच्या इंजिनिअरांना जे नव्या इंजिनावर जड गेलं, ते साठीच्या घरातल्या इंजिनावर टेक्ससच्या जुलैमध्ये करायचंय, हे लक्षात असू द्या.

इंजिनाचं वय म्हणजे काय ते सांगतो. एका मित्राच्या गाडीचा ऑइल पॅन (इंजिनाखालची तेलाची परात) उतरवला, तर तेलाच्या पंपाच्या जाळीत पिवळट-तपकिरी तुकडे अडकलेले. या काळातल्या अनेक इंजिनांत कॅमशाफ्टच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चक्राला आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे दात बसवत. उष्णतेने ते ठिसूळ होतात, तुटून खाली पडतात, आणि जाळी तुंबली की तेलाचा दाब गेला. त्याची गाडी तोवर मस्त चालत होती! २८९ च्या हेडमधले रॉकरचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांचे) स्टडही आटे नसलेले, नुसते दाबून बसवलेले. व्हॉल्व्हना कडक स्प्रिंग घातल्या की ते वर सरकतात. तेव्हा काहीही विकत घ्यायच्या आधी आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन तपासा, लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करा आणि कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन उघडून बघा.

मी असतो तर पहिला पैसा ब्रेकवर घातला असता. चारही चाकांना ड्रम असतील तर पुढे डिस्क. १९६७ पासून ब्रेकचं मास्टर सिलिंडर दुहेरी आहे, म्हणजे एक बाजू गळली तरी दुसरी धरते. १९६६ वाल्यांना तेवढंही सुख नाही. मग तीन रांगांचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर. मग हेड, कॅम, इनटेक (हवा आत नेणारा मार्ग), चार बॅरलचा कार्ब्युरेटर, हेडर्स (एक्झॉस्टचे मोकळे पाइप), आणि हे सगळं एकमेकांशी जुळणारं, एकाच ठिकाणी विचारून घेतलेलं. मोठा कॅम घालून जुनी हेड्स ठेवली तर गाडी आहे त्याहून मंद होते. शेवटी गियरिंग. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला मधला दांडा किती फिरतो ते) बहुतेक ३.०० किंवा त्याच्या खाली असेल. ३.५५ घातलं तर सिग्नलवरून सुटताना गाडी ओळखू येणार नाही, पण हायवेवर इंजिन ओरडेल, म्हणून सोबत ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन हळू फिरवणारा जास्तीचा गियर) असलेला गिअरबॉक्स हवा: ऑटोमॅटिकच हवं असेल तर एओडी, क्लच चालत असेल तर टी-५. हायवेवरची तुमची मूळ तक्रार मला विचाराल तर इथेच अर्धी मिटेल.

एवढं वाचूनही टर्बोच हवा असेल (हवा असतो, मला माहीत आहे), तर १९९६ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचं ५.० इंजिन जंकयार्डमधून आणा. त्याच घराण्यातलं आहे, तुमच्या माउंटवर बसतं, रोलर कॅम आणि बरी हेड्स फुकटात मिळतात. फक्त ऑइल पॅन बदलावा लागतो, आणि बॅलन्सकडे, म्हणजे इंजिनाचा थरथराट रोखणाऱ्या बाहेरच्या वजनाकडे, लक्ष द्या: २८९ चं २८ औंस, याचं ५०. हे वजन ज्यांवर असतं तो पुढचा डॅम्पर किंवा मागची फ्लेक्सप्लेट जुनीच याला लावली तर इंजिन थरथरून स्वतःलाच मोडेल. पेट्रोल आणि टायमिंग दोन्ही सांभाळणारं इंजेक्शन बसवा, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) ठेवा, ६-७ पीएसआयवर थांबा. पाचशे अश्वशक्तीच्या आसपास या इंजिनाचा ब्लॉक मधोमध चिरतो, ही गोष्ट या धंद्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. टर्बोतून तेल पॅनमध्ये नुसतं उताराने परत येतं, तेव्हा ती नळी जाड आणि सरळ खाली हवी. आणि पुढच्या शॉक टॉवरना (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे उंचवटे) तडे आहेत का बघा, कारण पाइप तिथूनच जाणार आणि उष्णताही तिथेच.

किमतीचं म्हणाल तर सी अक्षराची कूपे तशी दुर्मीळ नाही, त्यामुळे बोल्ट खोलून पूर्ववत होणाऱ्या बदलांनी फारसं बिघडत नाही. शॉक टॉवर कापले किंवा फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भोकं पाडली तर पुढचा गिऱ्हाईक भाव पाडतो. मूळ २८९ तेल भरून, तोंडं बंद करून स्टँडवर ठेवा, आणि विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, नव्या सामानाच्या पावत्या जोडून. टेक्ससची प्रदूषण तपासणी चोवीस वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच लागते, ती चिंता तुम्हाला नाही. व्हीआयएनचं पाचवं अक्षर आणि कॉम्प्रेशनचे आठ आकडे खाली कमेंटमध्ये टाका, मग कुठला कॅम घ्यायचा ते बोलू.