‘व्हेन’ दिसलं की ॲडव्हर्ब क्लॉजच का?

प्रश्न : सर, मुलगी दहावीला आहे, मराठी मीडियम. वाक्यात ‘व्हेन’ दिसलं की ती डोळे झाकून ॲडव्हर्ब क्लॉज (क्रियाविशेषणाचं काम करणारं उपवाक्य) लिहिते आणि निम्म्या वेळा चुकतं. गाईडमधल्या व्याख्या पाठ आहेत तरी असं का होतं? – एक आई

उत्तर : ताई, व्याख्यांचं पाठांतर आता राहू द्या, तिला ही तीन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहायला सांगा. ‘आय नो व्हेन ही केम.’ ‘आय वॉज कुकिंग व्हेन ही केम.’ ‘आय रिमेंबर द डे व्हेन ही केम.’ शेवटचे तीन शब्द अगदी तेच आहेत, पण क्लॉज तीन वेगवेगळे आहेत. आता हीच मराठीत म्हणायला लावा, मोठ्याने. तो कधी आला ते मला माहितेय. तो आला तेव्हा मी स्वयंपाक करत होते. तो ज्या दिवशी आला तो दिवस मला आठवतो. बघा, ‘ते’ आलं म्हणजे नाऊन क्लॉज (नामाचं काम करणारं उपवाक्य), ‘तेव्हा’ आलं म्हणजे ॲडव्हर्ब, आणि ‘तो दिवस’ असं नाम घेऊन आलं की ॲडजेक्टिव्ह (विशेषणाचं काम करणारं). इंग्रजीत जे एका ‘व्हेन’मध्ये लपून बसतं ते आपली मराठी उघड करून दाखवते, आणि तरी आपण मुलांना सांगतो की इंग्रजीच्या तासाला मराठीत विचार करू नका, हे मला मुळीच पटत नाही.

हां, एका ठिकाणी मात्र जपायचं. आपल्याकडे जोडी लागते, जरी-तरी, म्हणून मुलं ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’पण लावतात. इंग्रजीत दोन्हीपैकी एकच ठेवायचं.

आणि क्लॉज कोणता हे ओळखणं फक्त मार्कांपुरतं आहे असं तिला वाटू देऊ नका. ‘तो येईल तेव्हा मी स्वयंपाक करेन’ याचं मुलं सरळ ‘व्हेन ही विल कम’ करतात, ते चूक, कारण वेळ सांगणाऱ्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये भविष्याची गोष्ट असली तरी साधा वर्तमानकाळच येतो, ‘व्हेन ही कम्स, आय विल कुक’. पण ‘तो कधी येईल ते मला माहीत नाही’ इथे ‘ते’ आहे, म्हणजे नाऊन क्लॉज, तिथे ‘विल’ चालतं : ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.’